सिनेटरचा पट कसा वाचावा: जो मँचिन यांच्या निवडणुका आणि मतदानाच्या नोंदी

ब्रेट कॅव्हनॉ यांना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावर पाठवण्यासाठी २०१८ मध्ये मत देणारे एकमेव डेमोक्रॅट म्हणजे वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर जो मँचिन. डोनाल्ड ट्रम्प यांच्यावरच्या दोन्ही महाभियोगांत, २०२० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये, 'दोषी' असं मत देणारेही तेच. मग हा माणूस डावा की उजवा? असं विचारलं की कुणीतरी एखाद्या संस्थेचं गुणपत्रक पुढे करतं आणि चर्चा तिथेच संपते. मला हे पटत नाही. सिनेटरच्या मतांचा अर्थ त्याच्या निवडणुकांचे आकडे शेजारी ठेवल्याशिवाय लागत नाही. जी मतदानं कधी झालीच नाहीत, तीही शोधावी लागतात.

खालची पद्धत कुठल्याही सिनेटरला लावता येईल. अमेरिकेत नागरिक होऊन मतदान करणाऱ्या आपल्या मंडळींना तिचा थेट उपयोग आहे, आणि इथे बसून तिथलं राजकारण वाचणाऱ्यांनाही. मँचिन यांचं उदाहरण अशासाठी घेतलं, की त्यांची सिनेटमधली कारकीर्द नोव्हेंबर २०१० ते जानेवारी २०२५ अशी पूर्ण झालेली आहे आणि त्यांचं मत कितीतरी वेळा निकालाच्या काट्यावर होतं.

आधी आपल्याकडची सवय बाजूला ठेवा

आपण खासदाराचं मत म्हणजे पक्षाचं मत असं धरून चालतो, आणि ते बरोबरच आहे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनं पक्षांतरबंदी आली. त्यानंतर व्हिप मोडणाऱ्याची खासदारकीच धोक्यात येते. शिवाय आपल्याकडे बरीच विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर होतात, त्यामुळे कोण कुठे उभं राहिलं याची नावनिशी नोंदही राहत नाही.

अमेरिकेत व्हिप असतो, पण त्याचं काम समजूत घालण्याचं. त्याचं न ऐकणाऱ्याची खुर्ची जात नाही. तिकीटही पक्षश्रेष्ठी वाटत नाहीत, ते प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडण्याच्या आधीच्या निवडणुकीत, मतदार ठरवतात. म्हणून पक्षाविरुद्ध मत दिलेल्या सिनेटरला लगेच 'बंडखोर' म्हणू नका. तो आपल्या राज्याचं ऐकत असेल, देणगीदाराचं ऐकत असेल किंवा स्वतःच्या मनाचं. त्यातलं नेमकं कुणाचं, हेच आपल्याला शोधायचं आहे.

निवडणुकांचा तक्ता मांडा

वहीत किंवा एक्सेलमध्ये पाच रकाने करा: वर्ष, सिनेटरला मिळालेले टक्के, प्रतिस्पर्धी, त्या राज्यात त्याच्या पक्षाच्या अध्यक्षीय उमेदवाराला मिळालेले टक्के, आणि या दोन टक्केवारींमधला फरक. आकडे राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयाकडे आणि फेडरल इलेक्शन कमिशनच्या अधिकृत निकालांत मिळतात. सिनेटची निवडणूक अध्यक्षीय वर्षात नसेल तर आधीच्या अध्यक्षीय निवडणुकीचा आकडा घ्या.

मँचिन यांचा तक्ता असा दिसतो:

२०१०, पोटनिवडणूक: ५३.५ टक्के, समोर जॉन रेसी. ओबामांना २००८ मध्ये या राज्यात ४२.६. फरक ११.

२०१२: ६०.६ टक्के, समोर पुन्हा रेसी. ओबामांना ३५.५. फरक २५.

२०१८: ४९.६ टक्के, समोर राज्याचे ॲटर्नी जनरल पॅट्रिक मॉरिसी. हिलरी क्लिंटन यांना २०१६ मध्ये २६.४. फरक २३.

आता दुसरा रकाना आणि शेवटचा रकाना वेगवेगळे वाचा. नुसती मतं पाहिली तर २०१२ पासून २०१८ पर्यंत मँचिन ११ टक्क्यांनी घसरले. मॉरिसींपेक्षा ते जेमतेम ३ टक्क्यांनी पुढे राहिले. कुणीही म्हणेल, लोक त्यांच्यावर नाराज झाले. पण शेवटचा रकाना सांगतो की पक्षाच्या पुढे जाण्याची त्यांची ताकद २५ वरून २३ वर आली, म्हणजे जवळपास टिकलीच. खचत होती ती पायाखालची जमीन. याच वेस्ट व्हर्जिनियानं १९९२ आणि १९९६ मध्ये बिल क्लिंटन यांना निवडून दिलं होतं. २००० मध्ये राज्य बुशकडे गेलं आणि पुढे प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकनच राहिलं. २०१६ मध्ये ट्रम्प तिथे ४२ टक्क्यांच्या आघाडीनं जिंकले. मला विचाराल तर संपूर्ण अभ्यासात हा पाचवा रकाना सर्वांत मोलाचा आहे, आणि बातम्यांमध्ये तोच सहसा नसतो.

तक्ता करताना तीन गोष्टी सांभाळा.

जागा रिकामी कशी झाली ते पाहा. रॉबर्ट बर्ड १९५९ पासून सिनेटमध्ये होते. जून २०१० मध्ये त्यांचं निधन झालं. गव्हर्नर या नात्यानं मँचिन यांनीच कार्ट गुडविन यांना तात्पुरतं नेमलं आणि नोव्हेंबरच्या पोटनिवडणुकीत स्वतः उभे राहिले. त्यामुळे त्या वर्षी जुलै ते नोव्हेंबरमधली त्या जागेची मतं गुडविन यांची आहेत. ती मँचिन यांच्या खात्यावर टाकू नका.

प्रायमरी विसरू नका. २०१८ मध्ये पॉला जीन स्वेरेंजिन यांनी डावीकडून आव्हान दिलं आणि त्यांना ३० टक्के मतं मिळाली. म्हणजे पक्षातला एक मोठा गट नाखूश होता, पण मँचिन यांची जागा हलवण्याइतका नाही. खरा धोका उजवीकडून होता. सिनेटरला भीती कुणाची आहे हे कळलं की त्याची अर्धी मतं आधीच ओळखता येतात.

आणि सिनेटच्या आधीचं आयुष्य पाहा. मँचिन १९८२ मध्ये राज्याच्या विधानसभेत गेले, मग राज्याच्या सिनेटमध्ये. १९९६ मध्ये गव्हर्नरपदाची प्रायमरी ते शार्लट प्रिट यांच्याकडून हरले. २००० मध्ये सेक्रेटरी ऑफ स्टेट झाले, २००४ मध्ये गव्हर्नर, आणि २००८ मध्ये जवळपास ७० टक्के मतं घेऊन पुन्हा गव्हर्नर. इतकी मुळं रुजलेल्या नेत्याला पक्षाच्या चिन्हाची गरज कमी असते.

मतदानाच्या नोंदी काढा

सिनेटच्या अधिकृत संकेतस्थळावर 'रोल कॉल', म्हणजे नावनिशी नोंद झालेल्या मतदानांची यादी असते. ती काँग्रेसच्या क्रमांकानुसार लावलेली असते. काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद. एक काँग्रेस दोन वर्षांची, आणि तिची दोन सत्रं. ११७ वी काँग्रेस म्हणजे जानेवारी २०२१ ते जानेवारी २०२३. प्रत्येक सत्रात मतदानाचे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात, म्हणून क्रमांकासोबत वर्ष लिहिलंच पाहिजे, नाहीतर पुढे सगळा गोंधळ होतो.

प्रत्येक मतदानाच्या पानावर सर्वांत वर 'प्रश्न' दिलेला असतो. बहुतेक लोक तो न वाचताच खाली आपल्या सिनेटरचं नाव शोधायला जातात. तसं करू नका. एकाच विधेयकावर पाच-सहा प्रकारची मतदानं होतात: चर्चेला घ्यायचं का, चर्चा थांबवायची का, दुरुस्ती मान्य आहे का, अर्थसंकल्पाच्या नियमातून सूट द्यायची का, आणि अखेरीस विधेयक मंजूर आहे का. चर्चा थांबवण्याच्या ठरावाला क्लोचर म्हणतात आणि विधेयकाच्या बाबतीत त्याला ६० मतं लागतात. क्लोचर पडला की विधेयक तिथेच अडतं.

एक मतदान जवळून पाहू. ५ मार्च २०२१ रोजी किमान वेतन तासाला १५ डॉलर करण्याची बर्नी सँडर्स यांची दुरुस्ती सिनेटपुढे आली. निकाल ४२ विरुद्ध ५८. मतदानाचा प्रश्न अर्थसंकल्पी नियमाला सूट द्यावी का, असा होता. त्यामुळे 'मी वेतनाच्या विरोधात नाही, फक्त नियमाच्या बाजूनं आहे' असं म्हणायला प्रत्येकाला जागा होती. मँचिन यांनी विरोधात मत दिलं आणि मथळ्यांत त्यांचं आणि ॲरिझोनाच्या कर्स्टन सिनेमा यांचं नाव गाजलं. पण नोंद उघडली तर डेमोक्रॅटिक गटातले एकूण आठ जण विरोधात दिसतात. त्यांत अध्यक्ष बायडन यांच्या डेलावेअरचे दोन्ही सिनेटरही आहेत. मँचिन यांच्या आडोशाला किती जण उभे होते, हे मूळ नोंद पाहिल्याशिवाय कळत नाही.

तसाच एक चकवा पक्षनेत्यांच्या मतांचा. १७ एप्रिल २०१३ रोजी बंदूक खरेदीदारांच्या पार्श्वभूमी तपासणीची मँचिन-टूमी दुरुस्ती ५४ विरुद्ध ४६ अशी पडली, कारण ६० लागत होती. विरोधकांच्या यादीत हॅरी रीड हे डेमोक्रॅट बहुमताचे नेते दिसतात. त्यांनी मत बदललं ते केवळ हा प्रश्न पुन्हा मतदानाला आणण्याचा हक्क राखण्यासाठी. हरलेल्या बाजूला असलेल्याला तो हक्क मिळत नाही. जानेवारी २०२२ मध्ये मतदान हक्काच्या विधेयकावरचा क्लोचर ४९ विरुद्ध ५१ असा पडला, तेव्हा डेमोक्रॅट बहुमताचे नेते चक शूमर यांचं 'नाही' मतही याच जातीचं होतं. नेत्याचं नाव चुकीच्या बाजूला दिसलं की आधी हे कारण तपासा.

'हजर' एवढीच नोंद असेल तर तीही वाचा. कॅव्हनॉ यांच्यावरच्या अंतिम मतदानात रिपब्लिकन सिनेटर लिसा मर्काउस्की यांचा विरोध होता. पण स्टीव्ह डेन्स हे समर्थक सिनेटर मुलीच्या लग्नासाठी गेले होते. त्यांच्या अनुपस्थितीनं निकाल हलू नये म्हणून मर्काउस्की यांनी फक्त 'हजर' असं सांगितलं. म्हणून निकाल ५० विरुद्ध ४८.

गाळून घ्या

हजारो मतदानांतली बहुतेक आपल्या कामाची नसतात. अलीकडच्या वर्षांत सिनेटचा मोठा वेळ न्यायाधीश आणि अधिकाऱ्यांच्या नेमणुकांवर जातो. नेमणुकांची यादी वेगळी काढा, कारण मँचिन यांच्यासारखे सिनेटर 'अध्यक्षाला आपली माणसं निवडू द्यावीत' या भूमिकेतून दोन्ही पक्षांच्या नेमणुकांना उदारपणे मत देतात. ती विधेयकांत मिसळली तर चित्र बिघडतं. जवळपास एकमतानं झालेली मतदानं काढून टाका. अर्थसंकल्पाच्या वेळी रात्रभर चालणाऱ्या दुरुस्त्यांपैकी बऱ्याच निव्वळ जाहिरातीसाठी मांडलेल्या असतात, त्याही बाजूला ठेवा.

उरलेल्यातून वीस-पंचवीस निवडा. मँचिन यांच्यासाठी माझ्या यादीत ही असतीलच: २०१७ मध्ये ओबामांचा आरोग्य विमा कायदा मोडण्याच्या प्रयत्नाला विरोध, त्याच वर्षी ट्रम्प यांच्या करकपातीला विरोध, सर्वोच्च न्यायालयासाठी ट्रम्प यांनी निवडलेल्या नील गोर्सच आणि कॅव्हनॉ यांना पाठिंबा पण एमी कोनी बॅरेट यांना विरोध, मार्च २०२१ च्या कोविड मदत विधेयकाला पाठिंबा (५० विरुद्ध ४९), १९ जानेवारी २०२२ रोजी फिलिबस्टरचा (चर्चा लांबवून विधेयक अडवण्याचा) नियम बदलायला विरोध (४८ विरुद्ध ५२), त्या वर्षी मे महिन्यात गर्भपाताच्या हक्काच्या विधेयकाला विरोध, आणि ऑगस्टमध्ये ऊर्जा आणि हवामानावर मोठा खर्च करणाऱ्या इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्टला पाठिंबा.

यादीकडे पाहताना विषयवार गट करा. पैसा, आरोग्य विमा आणि पेन्शन या बाबतीत मँचिन बऱ्यापैकी जुन्या वळणाचे डेमोक्रॅट दिसतात. गर्भपात, ऊर्जा आणि सिनेटचे नियम यांत ते पक्षापासून दूर जातात. एका सरासरी आकड्यात हे दोन्ही मिसळून जातं.

गुणपत्रकं वाचताना

डी-डब्ल्यू नॉमिनेट हा आकडा अभ्यासकांत सर्वांत मान्य. कीथ पूल आणि हॉवर्ड रोझेन्थाल यांनी ही पद्धत घडवली आणि व्होटव्ह्यू या संकेतस्थळावर ती मोफत पाहता येते. उणे एक म्हणजे डावं टोक, अधिक एक म्हणजे उजवं. मँचिन शून्याच्या किंचित डावीकडे येतात, म्हणजे आपल्या पक्षात जवळजवळ उजव्या टोकाला, पण मेन राज्याच्या सुझन कॉलिन्स यांच्यासारख्या मवाळ रिपब्लिकनच्याही डावीकडेच. दोन पक्षांमध्ये आता अंतर किती आहे ते यावरून कळतं.

या पद्धतीची मर्यादा मात्र ठाऊक हवी. कोण कुणासोबत मत देतं एवढंच ती पाहते. का दिलं, ते तिला कळत नाही. पायाभूत सुविधांचं विधेयक नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहात आलं तेव्हा अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांच्यासह सहा डाव्या सदस्यांनी विरोधात मत दिलं, कारण सोबतचं सामाजिक विधेयक मागे पडत होतं. गणिताला ओकासिओ-कोर्टेझ रिपब्लिकन सदस्यांच्या शेजारी बसलेल्या दिसल्या. अशी मतं साचली की अगदी डावा सदस्य मधल्या पट्ट्यात सरकतो.

संघटनांची गुणपत्रकं वेगळी असतात. अमेरिकन्स फॉर डेमोक्रॅटिक ॲक्शन ही उदारमतवादी संघटना दरवर्षी वीस मतदानं निवडते आणि प्रत्येकाला पाच गुण देते. गैरहजर राहिलात तर ते पाच गुण गेले. म्हणजे आजारी सिनेटर कागदावर उजवीकडे सरकतो. बंदूकधारकांच्या एनआरए या संघटनेनं तर मँचिन यांना २०१२ मध्ये 'ए' श्रेणी दिली आणि २०१८ मध्ये 'डी' देऊन मॉरिसींना पाठिंबा दिला. मधल्या काळात घडलं ते मुख्यतः मँचिन-टूमी दुरुस्तीचं प्रकरण. अशी श्रेणी ही संघटनेची मर्जी असते, ती सिनेटरची विचारसरणी म्हणून वाचू नये.

फाइव्हथर्टीएट हे निवडणुकांच्या आकडेवारीचं संकेतस्थळ सिनेटरचं मत अध्यक्षाशी किती जुळलं याची टक्केवारी काढायचं. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत मँचिन यांची टक्केवारी निम्म्याच्या आसपास होती. लोक तेवढाच आकडा उचलायचे. त्याच तक्त्यात राज्याच्या कौलावरून किती टक्के अपेक्षित होतं तेही असायचं, आणि वेस्ट व्हर्जिनियासारख्या राज्यासाठी ती अपेक्षा निम्म्याच्या बरीच वर होती. त्या मापानं पाहिलं तर मँचिन ट्रम्प यांना अपेक्षेपेक्षा खूपच कमी साथ देत होते.

न झालेली मतं शोधा

हा टप्पा सर्वांत कष्टाचा, आणि मँचिन यांच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा. १९ डिसेंबर २०२१ रोजी त्यांनी फॉक्स न्यूजवर सांगितलं की बिल्ड बॅक बेटर विधेयकाला, म्हणजे वर आलेल्या बायडन यांच्या सामाजिक विधेयकाला, आपण मत देऊ शकत नाही. प्रतिनिधिगृहानं ते महिनाभर आधी मंजूर केलं होतं. सिनेटमध्ये ५०-५० अशी स्थिती असल्यानं विषय तिथेच संपला आणि अंतिम मतदान झालंच नाही. त्यांच्या कारकिर्दीतला कदाचित सर्वांत परिणामकारक निर्णय कुठल्याही गुणपत्रकात नाही. बायडन यांनी अर्थसंकल्प कार्यालयासाठी सुचवलेल्या नीरा टंडन आणि फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेसाठी सुचवलेल्या सारा ब्लूम रॅस्किन यांच्या नेमणुकाही मँचिन यांचा विरोध जाहीर झाल्यावर मागे घेतल्या गेल्या. रोल कॉल शून्य.

हे शोधायचं तर त्या काळच्या बातम्या, सिनेटरची निवेदनं आणि मागे घेतलेल्या नेमणुकांची यादी चाळावी लागते. गैरहजेरीही याच टप्प्यात तपासा. १८ डिसेंबर २०१० रोजी ड्रीम ॲक्टवर (लहानपणी बेकायदा आलेल्या स्थलांतरितांना कायदेशीर दर्जा देण्याचं विधेयक) आणि सैन्यातल्या समलिंगी व्यक्तींवरचं बंधन उठवण्यावर मतदान झालं. नवेकोरे सिनेटर मँचिन दोन्हींना नव्हते. कुटुंबाच्या नाताळच्या कार्यक्रमाचं कारण त्यांच्या कार्यालयानं दिलं. त्याच्या नऊ दिवस आधी, संरक्षण विधेयकातून हेच बंधन उठवण्याच्या मतदानात विरोधात गेलेले ते एकटे डेमोक्रॅट होते. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की गैरहजेरी बोलकी होते.

सिनेटर दरवर्षी आर्थिक विवरण भरतात, तेही उघडून बघा. मँचिन यांच्या कुटुंबाची एनरसिस्टिम्स ही कोळशाच्या व्यवसायातली कंपनी आहे आणि २०२१ पासून सिनेटच्या ऊर्जा समितीचे अध्यक्ष तेच होते. यावरून थेट निष्कर्ष काढण्याची घाई नको, पण ही माहिती समोर नसेल तर ऊर्जेवरची मतं वाचणं अपुरं राहतं.

मत निर्णायक होतं का?

कॅव्हनॉ प्रकरणात मँचिन यांनी पाठिंबा जाहीर केला तो कॉलिन्स यांचं होकाराचं भाषण संपताच, काही मिनिटांत. तोवर बहुमत जुळलेलं होतं, आणि बरोबरी झाली असती तरी उपाध्यक्ष पेन्स यांचं मत होतं. एका महिन्यावर निवडणूक. तेव्हा ते मत विचारसरणीचं कमी आणि मतदारसंघाचं जास्त, असं मी मानतो. त्यामुळेच ते वाचले, असं मात्र म्हणता येत नाही. विरोधात मत देणारे डेमोक्रॅट सिनेटर हायडी हाइटकँप, जो डॉनली आणि क्लेअर मॅकॅस्किल हरले हे खरं, पण मॉन्टानात जॉन टेस्टर विरोधात मत देऊनही जिंकले.

याउलट इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट. ७ ऑगस्ट २०२२, ५० विरुद्ध ५०, आणि कमला हॅरिस यांच्या मतानं मंजूर. इथे मँचिन यांचं मत निर्णायक होतंच, शिवाय मसुदाच शूमर आणि त्यांनी मिळून ठरवला होता. ऊर्जा आणि हवामानासाठी त्यात सुमारे ३६९ अब्ज डॉलर धरले होते. याच माणसानं २०१० च्या प्रचाराच्या जाहिरातीत कार्बन उत्सर्जनावर मर्यादा घालणाऱ्या विधेयकावर रायफलनं गोळी झाडली होती. निर्णायक नसलेल्या मतांना कमी वजन आणि निर्णायक मतांना जास्त, असा साधा नियम लावला तर मँचिन यांचा पट गुणपत्रकांपेक्षा बराच डावीकडे झुकतो. बिल्ड बॅक बेटर मोजलं की तो परत उजवीकडे येतो. मी दोन्ही लिहून ठेवीन, सरासरी काढणार नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी पुन्हा न लढण्याचं जाहीर केलं आणि मे २०२४ मध्ये अपक्ष म्हणून नोंदणी केली. त्या नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन जिम जस्टिस यांनी ती जागा दोन तृतीयांशांहून जास्त मतं घेऊन जिंकली. तक्त्याचा पाचवा रकाना मँचिन यांच्याशिवाय कसा दिसतो, ते त्या निकालात आहे.

सरावासाठी पुढचं नाव सुझन कॉलिन्स यांचं घ्या. २०२० मध्ये मेन राज्यात बायडन ९ टक्क्यांनी पुढे होते, तरी त्या ५१ टक्के मतं घेऊन जिंकल्या. मतदानाच्या आठवडाभर आधी, २६ ऑक्टोबरला, बॅरेट यांच्या नेमणुकीला विरोध करणाऱ्या त्या एकमेव रिपब्लिकन होत्या, आणि निकाल होता ५२ विरुद्ध ४८. ते मत कुठल्या यादीत टाकायचं आणि त्याला वजन किती द्यायचं, ते वरच्या टप्प्यांनी ठरवून पाहा.